रेझ कितीचा? खुर्चीला विचारा

गेले काही शनिवार आमच्या टेबलावर एकच भांडण चालू आहे. फ्लॉप यायच्या आधी रेझ करायचा, तर तो कितीचा करायचा? पोकर न खेळणाऱ्याला हा प्रश्न फालतू वाटेल. वीस चिप्स टाकल्या काय आणि चाळीस टाकल्या काय, पुढे जे पत्ते यायचे ते येणारच. पण नो-लिमिट होल्डेममध्ये सगळ्यात जास्त वेळा घ्यावा लागणारा निर्णय हाच. आणि माझं स्पष्ट मत असं, की आपल्याकडे बहुतेक जण तो घेताना नको तिथे बघतात. हातातल्या पत्त्यांकडे. बघायला हवं खुर्चीकडे, म्हणजे डीलरच्या बटणापासून आपण कितव्या जागेवर बसलोय तिकडे.

आधी टेबलाबद्दल थोडं. आम्ही सहा जण. दोघं बारामतीचे, एक इंदापूरचा, एक भिगवणचा आणि उरलेले दोघं पुण्यात भाड्याने राहणारे, ज्यांना शनिवारी शहराबाहेर पडायला कुठलंही निमित्त चालतं. सगळे आयटीवाले. भिगवणजवळ उजनीच्या पाण्याकडेला एकाच्या काकांचं शेतघर आहे, तिथे बसतो. (भिगवण म्हटलं की लोकांना फ्लेमिंगो आठवतात, आम्हाला चिलापी आठवते.) पैसे लावत नाही. प्रत्येकाला १००० चिप्स, स्मॉल ब्लाइंड ५, बिग ब्लाइंड १०. जो पहिला बाद होईल त्याने मासे साफ करायचे. हे वाचायला सोपं वाटतं, चिलापीचे खवले काढून बघा एकदा :-)

पैसे न लावण्याचं एक कारण अर्थातच कायदा. महाराष्ट्रात जुगाराचा मूळ कायदा अजून १८८७ सालचाच आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतो की नाही यावर पोलीस चौकीत वाद घालायची आमच्यापैकी कुणाचीच तयारी नाही. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा एक कायदा आपल्याकडे होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. पोकरच्या साइट्सनी पैशांचे खेळ गुंडाळले. राहिला गोवा आणि मांडवीतल्या बोटी.

पत्त्यांचं आणि आमच्या तालुक्यांचं नातं त्याच वर्षी पेपरातही गाजलं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ पवार घराण्यातले आमदार रोहित पवार यांनी टाकला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाट्यांचं म्हणणं. जुलै संपता संपता खाती बदलली आणि कृषी खातं आलं इंदापूरच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे. रमीच्या एका व्हिडिओनंतर इंदापूरला कृषिमंत्रिपद, हे कुठल्याही डावात न बसणारं पान आहे. असो.

मूळ मुद्दा. त्या बंदीनंतर आमच्या टेबलावर दोन शाळा समोरासमोर आल्या. पुण्याचे दोघं पूर्वी ऑनलाइन खेळायचे. त्यांचा रेझ कायम २२ किंवा २५ चिप्सचा, कुठूनही. बाकीच्यांचं शिक्षण गणपतीतल्या जागरणात, म्हणजे तीन पत्तीवर. (पोलिसांच्या बातमीत हिलाच कधीकधी 'तिरट' म्हणतात.) तीन पत्तीत आकडा तुमच्या मर्जीवर फारसा नसतोच. ब्लाइंड खेळणाऱ्याने चालू बोलीएवढे किंवा दुप्पट टाकायचे, पत्ते बघितलेल्याने दुप्पट ते चौपट. म्हणजे तुमची बोली मोठी का, तर नियमाने मोठी. त्यातून फार काही कळत नाही. नो-लिमिटमध्ये हे कुंपणच काढून टाकलेलं आहे. २० टाका, ६० टाका, हजारच्या हजार ढकला. आणि कुंपण काढलं की माणूस काय करतो? चांगले पत्ते आले की मोठा आकडा, बरे आले की छोटा. अगदी स्वाभाविक आहे. आणि घातक आहे.

आमचा इंदापूरचा मित्र याचा आदर्श नमुना. त्याने ६० टाकले की राजा किंवा एक्क्याची जोडी. ३० टाकले की एक्का-राणी वगैरे. २० टाकले की "बघू तरी". हे कळायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. परवा त्याने पुन्हा ६० टाकले, आम्ही पाचही जणांनी हसत हसत पत्ते फेकले आणि त्याने एक्क्याची जोडी उघडी करून शिवी दिली. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. त्याला मिळाल्या किती? दोन्ही ब्लाइंड मिळून १५ चिप्स!

"अरे पण भावा, चांगल्या पत्त्यांवर जास्त नाही लावायचे तर कधी लावायचे?" हा त्याचा प्रश्न. उत्तर असं, की जास्त लावायचेच, पण फ्लॉपनंतर. फ्लॉपच्या आधी तुमचा आकडा म्हणजे तुम्ही सगळ्या टेबलाला पाठवलेला मेसेज असतो, आणि तो जर पत्ते बघून ठरला तर त्यात पत्ते वाचता येतात. खुर्ची बघून ठरला तर त्यात फक्त खुर्ची वाचता येते. खुर्ची तर सगळ्यांना दिसतेच आहे.

आता खुर्चीला एवढी किंमत का, हे ज्यांना अजून पटत नाही त्यांनी मेंढीकोट आठवावा. हातात दश्शी आहे आणि उतारी तुमची आहे. टाकाल? मरा पण टाकू नका. तीच दश्शी चौथ्या जागेवरून, तिघांचे पत्ते बघून झाल्यावर, हात जोडीदाराचा होतोय हे दिसत असताना, डोळे मिटून टाकता येते. पान तेच, किंमत वेगळी, कारण जागा वेगळी. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला तर हे आणखी सोपं आहे. एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, ती झाली किमान. त्याच्या वर माळेगाव काय देणार आणि सोमेश्वर काय देणार, याच्या पैजा दरवर्षी चहाच्या टपरीवर लागतात. जो आधी आकडा बोलतो त्याच्यावर चार पैसे चढवायची संधी नंतरच्याला राहते. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचं ऐकायला मिळतं, एवढीच ती पोझिशन.

होल्डेममध्ये बटणावर बसलेला माणूस फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही वेळा सगळ्यात शेवटी बोलतो. बिग ब्लाइंडच्या डाव्या हाताचा, ज्याला 'अंडर द गन' म्हणतात, तो फ्लॉपच्या आधी सगळ्यात पहिला बोलतो. आमच्या सहाच्या टेबलावर त्याच्या मागे पाच जण असतात. त्या पाचांपैकी निदान एकाकडे एक्का, राजा किंवा राणीची जोडी नाहीतर एक्का-राजा असण्याची शक्यता काढली, तर ती साधारण १२ टक्के येते. नऊ जणांच्या टेबलावर हीच १९ टक्क्यांच्या आसपास जाते. बटणावरून बघाल तर मागे उरले फक्त दोन ब्लाइंड, शक्यता ५ टक्के. म्हणजे पुढच्या खुर्चीवर बरे पत्तेच खेळायचे आणि मागच्या खुर्चीवर हलके पत्तेही चालतात, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण त्याच्या पुढे सुरू होतं.

एक बाजू म्हणते: पुढच्या खुर्चीवर धोका जास्त, म्हणून रेझ छोटा ठेवा, मागे सरकाल तसा वाढवा. मागून कुणी री-रेझ केला तर कमी चिप्स सोडून पळता येतं. २००० च्या दशकात हे मत बऱ्यापैकी चलनात होतं. दुसरी बाजू बरोबर उलट: पुढे मोठा, मागे छोटा. पुढून तुम्ही भारी पत्तेच खेळताय, तर त्याचा मोबदला घ्या. मागून हलके पत्ते खेळताय, तर कमी जोखमीत चोरी करा. पोकरची पुस्तकं वाचणाऱ्यांना डॅन हॅरिंग्टन आठवेल. १९९५ ची वर्ल्ड सिरीज जिंकलेला हा गृहस्थ आपल्या खेळात अंदाज लागू नये म्हणून घड्याळाचा सेकंद काटा बघून निर्णय फिरवायचा सल्ला देतो. कल्पना भारी आहे, पण शनिवारी रात्री अकरा वाजता घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाला आमच्याकडे "काय रे, घरून फोन येणारे का?" असं विचारतात.

२०१५ च्या सुमारास पायोसॉल्व्हरसारखी सॉफ्टवेअर आली आणि मग सगळे आकडे यंत्राला विचारले जाऊ लागले. यंत्राचं उत्तर थोडक्यात असं, की १०० बिग ब्लाइंडचा स्टॅक असेल तर बहुतेक खुर्च्यांवरून सव्वादोन ते अडीच पट पुरे, स्मॉल ब्लाइंडवरून तीन पट किंवा थोडा जास्त. पुण्याचे दोघं हेच तोंडपाठ करून आलेत. आणि आमच्या टेबलावर मार खातायत!

का, ते बघू. आकडे आमच्या चिप्समध्येच घेतो. बटणावरून २५ टाकले आणि स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, तर बिग ब्लाइंडला आणखी १५ टाकून ४० चा पॉट लढायला मिळतो. १५ भागिले ५५, म्हणजे २७ टक्के वेळा जिंकला तरी कॉलचे पैसे वसूल. रेझ २० चा असेल तर हाच आकडा २२ वर येतो, ३० चा असेल तर ३१, आणि ४० चा असेल तर ३५. छोटा रेझ म्हणजे समोरच्याला स्वस्तात तिकीट. सॉल्व्हर हे गृहीत धरतं की समोर बसलेलाही हिशोबाने कॉल करतोय, कधी फोल्ड करतोय, कधी री-रेझ करतोय. आमच्या टेबलावर री-रेझ हा प्रकार तासातून एखाद्या वेळी घडतो. कॉल मात्र सगळेच करतात. पैसे नाहीत, मासे साफ करायला हरकत नाही, बघू की काय येतंय! अंडर द गनवरून २५ टाकले की मागून तिघं येतात. मग तुमच्या राजाच्या जोडीला तीन जणांशी लढायचंय, आणि शिवाय ब्लाइंड सोडले तर सगळ्यांच्या आधी बोलायचंय.

म्हणून माझी बाजू दुसरी. आमच्यासारख्या टेबलावर पुढे मोठा, मागे छोटा. पहिल्या बाजूवाल्यांना ज्याची भीती वाटते तो री-रेझ इथे येतच नाही. इथे भीती कॉलची आहे, चार-चार कॉलची. औषध रोगावर द्यायचं, पुस्तकातल्या रोगावर नाही. तुमचं टेबल री-रेझवाल्यांचं असेल तर हा सगळा हिशोब उलटतो, आणि मग मीही पुढून २२ च टाकेन.

मी सध्या वापरतो ते आकडे असे: पहिल्या दोन खुर्च्यांवर ४०, कटऑफला (म्हणजे बटणाच्या आधीच्या खुर्चीवर) ३०, बटणावर २५, स्मॉल ब्लाइंडवर ३५. कुणी आधी नुसते १० टाकून लिंप केलं असेल तर प्रत्येक लिंपरमागे आणखी १०. एक्क्याची जोडी असो की सत्ती-अठ्ठी किलवर, त्या खुर्चीवरून खेळायचं ठरलं की आकडा तोच. पत्त्यांनी ठरवायचं ते फक्त खेळायचं की नाही एवढंच.

बटणावर २५ च का, यालाही साधं गणित आहे. सगळे फोल्ड होत आले आणि मी बटणावर आहे. पॉटमध्ये १५ आहेत. २५ टाकून ते १५ नुसते उचलायचे तर ६२.५ टक्के वेळा दोघं ब्लाइंड पळायला हवेत. ३० टाकले तर ६७ टक्के लागतात, २० टाकले तर ५७. दोन्ही ब्लाइंड हट्टी असतील तर मोठा आकडा टाकून ते पळत नाहीत, फक्त माझी चोरी महाग होते. आणि पकडला गेलो तरी शेवटी बोलणारा मीच आहे, तेव्हा पॉट लहान असला तरी मला घाई नाही. वीसच का नाही, हे मात्र मी मान्य करतो की थोडं आवडीचं आहे. वीसला बिग ब्लाइंड काहीही घेऊन येतो, अगदी सत्ती-दुर्री, आणि मग फ्लॉपवर दोन जोड्या लावून हसतो.

स्मॉल ब्लाइंडचं दुखणं सगळ्यात वेगळं. तिथे मागे एकच माणूस उरलेला असतो, म्हणून नवशिक्याला वाटतं की सोपी चोरी. पण तो एकच माणूस पुढच्या तिन्ही फेऱ्यांत तुमच्यानंतर बोलणार असतो. २० वर नेलंत तर त्याला १० टाकून ३० मिळतात, २५ टक्क्यांचं तिकीट, वर पोझिशन फुकट. अशा माणसाला स्वस्तात आत घेऊ नये. ३५ वर नेलं की त्याला २५ टाकून ४५ साठी लढावं लागतं, साधारण ३६ टक्के. माझ्या मते सहा खुर्च्यांपैकी सगळ्यात जास्त चिप्स लोक इथेच घालवतात, "अर्धे तर टाकलेलेच आहेत" म्हणून. टाकलेले पाच आपले राहिलेले नाहीत, ते पॉटचे झाले. ऑफिसमध्ये बुडीत प्रोजेक्टवर आणखी चार माणसं लावतात तेव्हा हेच आपण कॉफी मशीनजवळ तावातावाने बोलतो, टेबलावर विसरतो.

आता कुणी म्हणेल, दहा-पंधरा चिप्सच्या फरकासाठी एवढा कीस कशाला? हा प्रश्न मला खरंच आवडतो, कारण याचं उत्तर चक्रवाढ व्याजाचं आहे. समजा २० चा रेझ झाला, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट झाला ४५. आता फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा पॉटएवढी बेट आणि कॉल झाला, तर पॉट दर वेळी तिप्पट होतो. तुमच्या खिशातून जातात ४५, मग १३५, मग ४०५. एकूण ५८५. आता हाच रेझ ३० चा धरा. पॉट ६५. मग ६५, १९५, ५८५. एकूण ८४५! सुरुवातीला दहा चिप्सचा फरक, शेवटी २६० चा. हजारच्या स्टॅकमध्ये एकीकडे निम्म्याहून थोडा जास्त आत आणि दुसरीकडे जवळजवळ सगळा. म्हणजे फ्लॉपच्या आधीचा आकडा ठरवताना तुम्ही रिव्हरवर केवढ्याचा प्रश्न विचारला जाणार हे ठरवत असता. शेवटी बोलायला मिळणार असेल तर मोठा प्रश्न परवडतो, असं कुणी म्हणेल, आणि बटणावरून मोठा रेझ करणाऱ्यांचा हा युक्तिवाद मला सगळ्यात तगडा वाटतो. माझं म्हणणं इतकंच, की बटणावरून मी निम्मे डाव हलक्या पत्त्यांवर खेळतोय, आणि हलक्या पत्त्यांवर ८४५ चा प्रश्न कुणी विचारू नये.

आणखी एक तक्रार बारामतीच्या मित्राची. "तुझे आकडे ठरलेले आहेत, मग तू यंत्रासारखा खेळतोस, मजा काय?" मजा आहे की. रेझचा आकडा कितीचा यात डोकं घालायचं सोडलं की समोरचा कप उचलतो की ठेवतो, चिप्सना हात लावतो की नाही, हे बघायला वेळ मिळतो. ऑनलाइन शाळेला ही सवयच नाही, आणि तीन पत्तीवाल्यांना ती जन्मजात आहे. त्यामुळे इंदापूरच्या मित्राने जर उद्या आकडा बांधून घेतला तर आमच्या सगळ्यांची पंचाईत आहे, कारण माणसं वाचण्यात तो आमचा बाप आहे. परवाच्या त्या एक्क्यांनंतर त्याने मोबाइलवर माझे आकडे उतरवून घेतलेत म्हणे.

सध्या नवीन टूम निघाली आहे ती अँटीची. बिग ब्लाइंडने दर डावाला आणखी दहा मधे टाकायचे. मग सुरुवातीलाच पॉट होतो २५ चा आणि बटणावरून २५ चा रेझ निम्म्या वेळा चालला तरी बरोबरी होते. ६२.५ वरून थेट ५० टक्के. पुण्याच्या दोघांचा या सूचनेला जोरदार पाठिंबा आहे. मला वाटतं अँटी आली तर बटणावरचा आकडा २२ वर आणावा लागेल आणि पुढच्या खुर्च्यांचे ४० तसेच राहतील. या शनिवारी खेळून बघणार आहोत.